आगीचं काम नागपुरात, थंड काम मालवणात: दोन घरांत दागिने घडवताना

मे महिन्यात नागपुरात दुपारी राळेवर ठोकाठोक करून बघा. राळ म्हणजे चांदीचा पत्रा खालून धरून ठेवणारी काळी, चिकट गादी. थंडीत ती दगडासारखी कडक होते आणि ४५ अंशांत इतकी मऊ पडते, की छिन्नीच्या पहिल्याच घावाला पत्रा आत बुडतो. कूलर लावावा तर गॅसची ज्योत हलते, बंद करावा तर घाम थेट कामावर टपकतो. पहिली दोन वर्षं मी हे असंच ओढलं. मग उन्हाळ्याचे अडीच महिने माहेरी, मालवणला जायला लागले आणि तिथेही जसाच्या तसा कारखाना मांडायला गेले. ती त्याहून मोठी चूक ठरली.

माझं सासर नागपूरचं, महालात. काम शिकले इतवारीच्या सराफ्यातल्या एका कारागीर काकांकडे. चांदीत समुद्रकाच (लाटांत घासून गुळगुळीत झालेली बाटलीची काच), मोती, मणी असे दागिने करते. दोन घरांत वर्ष वाटून असा धंदा करायचा विचार असेल, तर माझ्या अनुभवात सगळ्यात कामाची ठरलेली गोष्ट एकच: दोन ठिकाणी एकच कारखाना मांडू नका, कामाचेच दोन भाग करा. ज्या हवेला जे काम मानवतं ते तिथे.

वर्षाची आखणी

बहुतेक जण आखणी गिऱ्हाइकावरून करतात. मी हवेवरून करते आणि गिऱ्हाईक त्यात बसवते. माझं वर्ष मृगाला सुरू होतं, म्हणजे ७-८ जूनच्या सुमारास. तोवर मालवण सोडलेलं असतं. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, नागपुरात त्याच्या साधारण एक तृतीयांश. तेव्हा पावसाळा नागपुरातच काढायचा.

मृग ते पोळा: आगीचं काम. पहिल्या दोन-चार सरींनी हवा उतरली की डाक (चांदीचे सांधे वितळवून जोडणारा धातू), ठसे, तार ओढणं सुरू. पोळा ते दिवाळी: ऑर्डरी. आमच्याकडे गौरींना महालक्ष्म्या म्हणतात आणि त्यांच्यासाठी चांदीच्या बारीकसारीक वस्तू हमखास लागतात. मधला ऑक्टोबर तापतो, तेव्हा फक्त सकाळी बसते. दिवाळी ते संक्रांत हा आमच्या गावातला कामाचा खरा हंगाम: हवा कोरडी, हात गार, राळ शहाण्यासारखी वागते. याच दिवसांत सिव्हिल लाइन्सला दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राचा ऑरेंज सिटी क्राफ्ट मेळा भरतो. (अधिवेशन चालू असेल तर त्या भागातले अर्धे रस्ते बंद असतात. माल न्यायचा तर सकाळी लवकर न्या.) संक्रांत ते होळी मालवणची तयारी. होळी झाली की मालवण, पुन्हा मृगापर्यंत.

नाताळात मालवण-तारकर्लीला तुफान गर्दी असते, मग तेव्हा का जात नाही, असं सगळे विचारतात. जाते, पण आठवड्यापुरती आणि तयार माल घेऊन. नागपूरची थंडी हातची घालवून तिकडे कामाला बसणं मला परवडत नाही.

कामाचे दोन भाग

एका कागदावर तुमच्या एका दागिन्याच्या सगळ्या पायऱ्या लिहा. मग प्रत्येक पायरीपुढे लिहा: आग लागते की नाही? जड हत्यार लागतं की नाही? पाणी-हवेने बिघडतं की नाही?

माझ्या समुद्रकाचेच्या पदकाचं असं निघालं. पत्रा कापणं, कोंदणाची पट्टी वळवणं, डाक देणं, कडी जोडणं, घासणं या सगळ्याला आग, रोलर मशीन किंवा ऐरण लागते. हे नागपूर. काच कोंदणात बसवणं, पट्टी दाबून बंद करणं, शेवटची चकाकी, गाठवणं (मणी-मोती दोऱ्यात ओवून गाठी मारणं), विकणं याला एक लाकडी फळी, एक दाबणी, कापड आणि बोटं पुरतात. हे मालवण.

यात एक अडचण आहे. समुद्रकाच ओबडधोबड असते, एकीसारखी दुसरी नसते, त्यामुळे कोंदण काचेच्या मापानेच करावं लागतं. मग आग नागपुरात आणि काच मालवणात हे जमायचं कसं? उत्तर असं, की यंदाच्या मेमध्ये वेचलेली काच पुढच्या एप्रिल-मेमध्ये विकायची. जूनमध्ये काच माझ्याबरोबर नागपूरला येते, पावसाळ्यात तिच्या मापाची कोंदणं होतात, मेळ्यापुरते नग थंडीत नागपुरातच पूर्ण होतात आणि उरलेली उघडी कोंदणं आपापल्या काचेसकट होळीनंतर परत समुद्राकाठी जातात. वर्षभर भांडवल अडकतं, हे खरं. पण काच फुकट असते, अडकते ती चांदी. म्हणून तिचा हिशेब आधी करा.

काच वेचणं

ओहोटीला, शक्यतो पौर्णिमा-अमावस्येच्या भरतीनंतर. फुटकी बाटली वर्षानुवर्षं लाटांत आणि वाळूत घासली गेली की कडा गोल आणि अंग धुरकट होतं. कडा अजून चमकत असेल किंवा बोटाला लागत असेल, तर तो तुकडा पुन्हा पाण्याच्या हवाली न करता पिशवीतच टाका. तो निव्वळ कचरा आहे. पांढरा, तपकिरी आणि हिरवा रंग भरपूर. निळा सापडला तर तो दिवस चांगला.

शिंपल्यांच्या बाबतीत हात आवरा. प्रवाळ आणि समुद्रपंखे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत, काही शंख-शिंपलेही. किनाऱ्यावर मेलेलं पडलेलं होतं, ही सबब चालत नाही. कोणता शिंपला यादीत आहे ते ओळखता येत नसेल, तर सरळ काचेवरच राहा. मी राहते.

प्रत्येक तुकडा घरी गोड्या पाण्यात दोन दिवस भिजवते, पाणी बदलत. मीठ राहिलं तर पुढे कोंदणाच्या आत चांदी काळी पडते. मग कागदावर तुकड्याची बाह्यरेषा काढून नंबर घालते, तोच नंबर पुडीवर. हा कंटाळवाणा उद्योग टाळलात तर पावसाळ्यात साठ काचा आणि साठ कोंदणं समोर मांडून बसाल. मी बसले आहे.

नागपूर: कोंदण आणि डाक

कोंदणाच्या पट्टीला शुद्ध, म्हणजे ९९९ ची चांदी घ्या, जाडी ०.३ मिलिमीटरच्या आसपास. मागच्या पत्र्याला ९२५ चालते. यामागे कारण आहे. ९२५ मध्ये साडेसात टक्के बहुधा तांबं असतं. ती ८०० अंशांच्या पुढे वितळायला लागते. शुद्ध चांदी ९६१ अंशांपर्यंत तग धरते, तापल्यावर तांब्याचे डाग तिच्यावर उमटत नाहीत आणि ती मऊ असल्याने नंतर काचेवर हाताने सहज दाबली जाते.

पट्टी काचेभोवती गुंडाळा, खूण करा, केसभर लांब कापा आणि टोकं कानशीने अशी जुळवा की ट्यूबलाइटसमोर धरल्यावर सांध्यातून उजेड दिसता कामा नये. डाक फट भरत नाही, टेकलेल्या दोन कडा जोडतो, एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मा माल वाया जायचा वाचतो. पट्टीच्या सांध्याला कडक, म्हणजे जास्त तापाला वितळणारा डाक, पत्र्यावर बसवताना मध्यम, कडीला मऊ. उलटं केलंत तर दुसऱ्या तापात पहिला सांधा सुटतो. डाक घेताना कॅडमियम नसलेला मागून घ्या. कॅडमियमचा धूर फुप्फुसं आणि मूत्रपिंडं दोन्ही बिघडवतो, आणि घरातल्या खोलीत काम करणाऱ्याला तर हे दहादा सांगायला हवं. खिडकी उघडी ठेवा.

टाकणखार (बोरॅक्स) पाण्यात उगाळून सांध्यावर लावा. मंद ज्योत दुरून फिरवा. टाकणखार आधी लाहीसारखा फुलतो, कारण त्यातलं पाणी बाहेर पडत असतं. पावसाळ्यात जरा जास्तच. इथे घाई केली की डाकाचे कण उडून कुठल्या कुठे जातात. फुललेला खार खाली बसून काचेसारखा झाला, की मग मोहरीएवढा डाकाचा कण चिमट्याने सांध्यावर ठेवा आणि ज्योत पट्टीवर न धरता पत्र्यावर, भोवतीने फिरवा. डाक तापलेल्या बाजूकडे धावतो.

रंग बघायला अंधार लागतो. खिडकीतून ऊन येत असेल तर चांदीचा मंद डाळिंबी रंग दिसतच नाही. दिसेपर्यंत ती वितळायच्या बेताला आलेली असते. मी कोपऱ्यात जाड पडदा लावलाय. पहिल्या वर्षी माझी चार कोंदणं ओळीने वितळली, तेव्हा आमचे काका नुसतं बघत होते. पाचव्याला म्हणाले, "घाई कायले करून राहिली बाई? चांदी सांगते न तुले, कवा पुरे झालं ते." डाक वितळतो तेव्हा सांध्यावरून एक लखलखीत रेघ सर्रकन पळते. ती दिसली की ज्योत काढायची. त्यानंतरचा प्रत्येक सेकंद नुकसानीचा.

मग तुरटीच्या गरम पाण्यात टाका. त्यात लोखंडी चिमटा बुडवू नका, चांदीवर तांब्याचा गुलाबी थर चढतो. तांब्याचा किंवा लाकडी चिमटा वापरा. रिठ्याच्या पाण्याने ब्रश करा, सुकवा, काच कोंदणात नुसती ठेवून माप बघा आणि काढून घ्या. काच बसवल्यावर त्या नगाला ज्योत दाखवायची नाही, तडकतेच. मोत्याचंही तेच.

कानशीचा कीस आणि बाकावरचा झाडू सांभाळून ठेवा. वर्षाअखेरी त्यातून निघणारी चांदी हसण्यावारी न्यायची नसते. सराफ्यातल्या गल्ल्यांमधली धूळ चाळून झारेकऱ्यांनी उगाच घरं चालवली नाहीत.

प्रवास

नागपूरहून कोकणात थेट जायला मडगावची विशेष गाडी आहे, आठवड्यातून दोनदा, पण विशेष गाड्यांच्या मुदती वाढत-थांबत राहतात, तेव्हा आधी खात्री करा. नाहीतर विदर्भ एक्स्प्रेसने मुंबई आणि तिथून कोकणकन्या किंवा तुतारीने कुडाळ. कुडाळहून एसटी.

गाडीत गॅसचा डबा, आम्ल, स्पिरिट काहीही न्यायचं नाही. रेल्वे कायद्यात ज्वालाग्राही माल नेण्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि कैद नसती तरी डब्यातल्या माणसांचा विचार आहेच. काम वाटून घेण्याचा मोठा फायदा इथे होतो: मालवणला मला गॅस लागतच नाही. किरकोळ दुरुस्ती नागपूरला परत आल्यावर. तुम्हाला लागणारच असेल तर तिथेच पाच किलोचा छोटा सिलिंडर घ्या. घरगुती चौदा किलोच्या टाकीवर धंदा करणं बेकायदा आहे.

स्वस्त आणि जड वस्तू दोन्ही घरांत ठेवा: फळी, साधी हातोडी, कातर, दिवा, वजनकाटा. हाताला बसलेल्या वस्तू बरोबर न्या. माझी दाबणी आणि दोन कानशी कुठेही गेले तरी माझ्यासोबत असतात. रोलर मशीन हलवू नका. चांदी अंगाबरोबरच्या पिशवीत, बर्थखालच्या बॅगेत नाही. सोबत मालाची यादी, वजनासकट, आणि जीएसटी नोंदणी असेल तर डिलिव्हरी चलन. नागपूर आणि मालवण एकाच राज्यात असल्यामुळे एकच नोंदणी पुरते. दुसरं घर धंद्याची अतिरिक्त जागा म्हणून त्यात घालून घ्यायचं. गोव्याच्या बाजारात बसायचं मनात असेल तर मात्र आधी कर सल्लागाराला गाठा.

समुद्राकाठी चांदी

मालवणात पहिल्या वर्षी मी तयार कानातल्यांचे चाळीस जोड रबरबँडने बांधून, वर्तमानपत्रात गुंडाळून, लाकडी कपाटात ठेवले आणि आठ दिवसांसाठी सावंतवाडीला गेले. परत येऊन पुडी उघडली तर मावशी शेजारी उभी. म्हणाली, "गो बाय, ह्या काळा कित्याक पडला? चांदी मा ती?"

चांदी होती म्हणूनच काळी पडली. हवेतल्या गंधकाशी तिचं सूत जुळतं आणि दमट हवेत ते फार लवकर जुळतं. खाडीच्या चिखलातून, कुजणाऱ्या मासळीतून गंधकाचा वायू येत असतो. पण माझा खरा शत्रू मी स्वतःच बांधला होता: रबर. रबर टिकाऊ करायला त्यात गंधकच घालतात. जिथे जिथे रबरबँड होता तिथे काळा पट्टा उमटला होता, मोजून चाळीस.

तेव्हापासूनची पद्धत. प्रत्येक नग वेगळ्या झिपच्या पिशवीत, हवा दाबून काढून. दहा-बारा पिशव्या एका घट्ट झाकणाच्या डब्यात, डब्यात सिलिका जेल. निळे दाणे गुलाबी झाले की ओल भरली समजायचं. मंद आचेवर तापवून ते पुन्हा वापरता येतात, पण निळ्या दाण्यांत कोबाल्ट असतं, म्हणून स्वयंपाकाचं भांडं वापरायचं नाही. शक्यतो नारिंगी दाणे घ्या. रबर, लोकर आणि वर्तमानपत्र डब्याच्या आसपासही नको. विकायला मांडलेला माल रात्री परत डब्यात, कंटाळा आला तरी.

काळे पडलेच तर: भांड्यात ॲल्युमिनियमची फॉइल अंथरा, वर नग फॉइलला टेकतील असे ठेवा, खायचा सोडा टाका आणि उकळतं पाणी ओता. सडक्या अंड्याचा वास येईल. येऊ दे. चांदीला चिकटलेलं गंधक ॲल्युमिनियमकडे जातं आणि चांदी घासून झिजण्याऐवजी जागेवर परत मिळते. मोती, चिकटवलेले खडे आणि मुद्दाम ऑक्सिडाइज केलेला माल मात्र यात टाकायचा नाही; ऑक्सिडाइजचा काळेपणा तुम्ही मेहनतीने आणलेला असतो, तो धुऊन जाईल. मोत्याला चिंच आणि लिंबूही वर्ज्य, आम्लाने त्याचा थर विरघळतो. मोती ओल्या कापडाने पुसा, बस.

हत्यारांचं वेगळं. हातोडी, पक्कड, ऐरण यांना शिवणयंत्राच्या तेलाचा हात. कानशीला तेल लावू नका, दात चिकट होऊन कीस अडकतो. तिला खडू घासा.

गाठवायचं काम सकाळी सात ते दहा. नंतर बोटांना घाम येतो आणि पांढरा रेशीमदोरा मळतो. दोरा आदल्या रात्री खाली वजन बांधून टांगून ठेवा, म्हणजे जो काही लांबायचा तो आधीच लांबतो. नाहीतर महिन्याभरात माळ सैल होऊन मण्यांमध्ये फटी दिसतात. घरात कोणी जुन्या पटवेकऱ्याकडे गाठवून घेतलेली माळ असेल तर ती हातात घेऊन दोन मोत्यांमधली गाठ बघा. इतकी बारीक गाठ मला अजून येत नाही.

बाजारची तयार हूक-कडी घेताना एक सावधगिरी. एका घाऊक दुकानातून मी '९२५' ठसा असलेल्या कानातल्यांच्या हुकांचं पाकीट आणलं. मालवणच्या हवेत तीन आठवड्यांत एका गिऱ्हाईक बाईंच्या कानाची पाळी हिरवी झाली. आत निव्वळ पितळ. ठसा कोणीही मारू शकतं. आता प्रत्येक पाकिटातला एक हूक कानशीने आरपार घासते. आत पिवळं दिसलं की पाकीट परत. लोहचुंबकाने हे कळत नाही, पितळही त्याला चिकटत नाही. चांदीचं हॉलमार्किंग ऐच्छिक असलं तरी मोठ्या नगांचं करून घ्या, गिऱ्हाइकाशी बोलणं सोपं होतं.

भाव आणि विक्री

बिलात तीन आकडे वेगळे लिहा: चांदीचं वजन गुणिले त्या दिवसाचा भाव, मजुरी, काच किंवा मोती. दागिन्यावर तीन टक्के जीएसटी. चांदी अलीकडे अशी उसळते की होळीला ठरवलेली किंमत अक्षय तृतीयेला तोट्याची ठरू शकते, म्हणून ऑर्डरीला सांगितलेला भाव आठवडाभरच पाळते आणि तसं लिहून देते. मजुरी मात्र दोन्ही गावांत एकच. मालवणला पर्यटक आहेत म्हणून वाढवली आणि नागपूरच्या मैत्रिणीला कळलं, तर दोन्ही गावं तुटतात.

तारकर्ली-देवबागच्या घरगुती निवासांत एक छोटी फळी मांडायला मिळते. विकलेल्यातला पाचवा भाग मी घरमालकिणीला देते. काचेच्या पुडीवर किनाऱ्याचं नाव लिहिलं, दांडी किंवा चिवला, तर तो नग आधी जातो. नागपुरात लोक काचेपेक्षा चांदीचं वजन विचारतात. म्हणून मेळ्यासाठी जाड मासोळ्या, तोडे असा वजनदार माल वेगळा करते.

घर बंद करताना

मेअखेरीस किल्ल्याच्या होड्या थांबतात, १ जूनपासून दोन महिने मासेमारीही बंद असते. पर्यटक तोवर पांगलेले असतात. शेवटचे चार दिवस विक्रीचे धरू नका, बांधाबांधीचे धरा.

चांदीचा एकही नग मालवणला ठेवू नका, दुरुस्तीला आलेलाही नाही. हत्यारं पुसून, तेल लावून, सुती कापडात गुंडाळून, सिलिका जेलसकट पत्र्याच्या नव्हे तर प्लास्टिकच्या डब्यात. डबा जमिनीवर नको, भिंतीला टेकूनही नको. कोकणात जुलैत भिंतीच पाझरतात. वजनकाट्याचे सेल काढून ठेवा, मी एकदा विसरले आणि आत हिरवी बुरशी झाली. किल्ली मावशीकडे, श्रावणात एकदा दार उघडून हवा खेळवायला सांगून.

आणि काचेच्या पुड्या, नंबर घातलेल्या, कपड्यांच्या बॅगेत मधोमध. मागच्या जूनमध्ये त्या त्रेसष्ट होत्या, त्यात निळ्या दोन. कुडाळ स्टेशनवर हमालाने बॅग उचलली आणि थबकला. म्हणाला, "ताई, दगड भरल्यात की काय?"